राजाचा हक्क की राजाची रीत?

कोरहाचा परशा ज्या शब्बाथला वाचतात, त्या दिवशीची हफ्तारा आपल्या कानांवरून दर वर्षी जाते. परशामध्ये कोरह व त्याचे सोबती मोशे रब्बेनूंवर उठतात, तेव्हा मोशे परमेश्वराला सांगतात की या लोकांपैकी एकाचेही गाढव आपण घेतलेले नाही. हफ्तारा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील आहे. तीत वृद्ध झालेला शमुवेल नबी गिलगाल येथे लोकांपुढे उभा राहतो आणि माझा हिशोब तपासा म्हणतो. कोणाचा बैल नेला, कोणाचे गाढव नेले, कोणाची लाच घेऊन डोळे झाकले, ते सांगावे, आपण भरून देऊ. लोक म्हणतात, काही घेतले नाही. दोन्ही ठिकाणी गाढवच कसे, असे आमच्या अभ्यासवर्गात एका भगिनीने विचारले आणि थोडा हशा झाला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राज्यकर्त्याने प्रजेचे काय घ्यावे व काय घेऊ नये हा राज्यशास्त्राचा पहिला प्रश्न होय, आणि गरिबाच्या दारात नेण्यासारखे जे असते ते गाढवच.

शमुवेलाला असा हिशोब देण्याची पाळी का आली, हे समजण्यासाठी चार अध्याय मागे जावे लागते. वाचक बंधुभगिनींनी पुस्तक हाताशी असल्यास आठवा अध्याय काढून ठेवावा. या एका अध्यायावर युरोपातील मोठमोठ्या तत्त्ववेत्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. राजाला गादीवर ठेवण्यासाठी हाच अध्याय पुढे केला गेला आणि राजाला गादीवरून खाली ओढण्यासाठीही हाच. आपल्या घरच्या पुस्तकावरून बाहेरच्या जगात एवढे रण माजले, याची आपल्यापैकी पुष्कळांना कल्पना नसते. म्हणून त्या वादाची ओळख करून देण्याचे आम्ही योजले आहे.

हकीकत थोडक्यात अशी. शमुवेल म्हातारा झाला. त्याने आपल्या दोन मुलांना, योएल व अबिया यांना, न्याय देण्याच्या कामावर नेमले. ते बेर शेवा येथे बसत. (बेर शेवा येथील आमच्या वाचकांनी रागावू नये, दोष गावाचा नव्हता.) मुले बापाच्या वाटेने गेली नाहीत, लाच खाऊ लागली. तेव्हा इस्राएलाचे वडीलधारे रामा येथे शमुवेलाकडे आले व म्हणाले की तुम्ही आता थकलात, मुले तुमच्यासारखी नाहीत, तर इतर सर्व राष्ट्रांना आहे तसा राजा आम्हाला नेमून द्या. शमुवेलाला वाईट वाटले. परमेश्वराने त्याला सांगितले की त्यांनी तुला नाकारले नाही, मला नाकारले आहे. त्यांचे ऐक, मात्र राजा म्हणजे काय हे त्यांना आधी नीट बजावून सांग.

मग शमुवेलाने जी यादी वाचली ती अकराव्या पासूक पासून सतराव्या पासूक पर्यंत आहे. राजा तुमचे मुलगे घेईल, त्यांना रथांपुढे धावायला लावील, आपली शेते नांगरायला व शस्त्रे घडवायला लावील. मुली घेईल, त्यांना अत्तरे करायला, रांधायला, भाजायला ठेवील. उत्तम शेते, द्राक्षमळे व जैतुनाच्या बागा घेऊन आपल्या चाकरांना देईल. धान्याचा व मेंढरांचा दहावा हिस्सा घेईल. तुमचे नोकर घेईल आणि गाढवेही घेईल. शेवटी तुम्हीच त्याचे गुलाम व्हाल. त्या दिवशी तुम्ही आक्रोश कराल आणि परमेश्वर ऐकणार नाही. एवढे ऐकूनही लोक म्हणाले, ते काही नाही, आम्हाला राजा पाहिजेच. तो आमचा न्याय करील आणि लढाईत आमच्या पुढे चालेल.

आमचे वाडवडील कुलाबा जिल्ह्यातले, म्हणून जैतुनाच्या बागा वाचताना आम्हाला कोकणातील आंबे-फणस आठवतात. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी मराठी राजनीतीवर जे ‘आज्ञापत्र’ लिहिले, त्यात आरमाराच्या प्रकरणी लाकूडतोडीसंबंधी एक सूचना आहे. आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या उपयोगाचे खरे, परंतु ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा त्यांना हात लावू देऊ नये. एखादे झाड फार जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर मालकाला राजी करून, त्याला पैसे देऊन, मगच तोडावे. जबरदस्ती सर्वथा करू नये. शमुवेलाची यादी अमात्यांनी वाचली असण्याचे कारण नाही. परंतु राजाचे माणूस कुऱ्हाड घेऊन कोणाच्या वाडीत शिरते, हे दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेले होते. हबशी, आंग्रे, पेशवे, इंग्रज अशा एकामागून एक राजवटी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिल्या. घाण्यावर तेल गाळणाऱ्या माणसाला राजा कोण आहे यापेक्षा राजा काय नेतो याचीच अधिक पंचाईत असणार.

एका शब्दाचा वाद

आता सगळ्या वादाची गुरुकिल्ली असलेल्या शब्दाकडे येऊ. शमुवेलाच्या यादीला मूळ हिब्रूत ‘मिशपात हमेलेख’ असे नाव आहे. ‘मिशपात’ हा शब्द आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. कोर्टाला आपण ‘बेत मिशपात’ म्हणतो. त्यावरून पाहता ‘मिशपात हमेलेख’ म्हणजे राजाचा कायदेशीर हक्क. परंतु त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एलीच्या मुलांविषयी लिहिले आहे, तेथेही हाच शब्द येतो. बलिदानाचे मांस शिजत असता याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा आणि वर येईल ते याजकासाठी घेऊन जायचा. कोणी थांबा म्हटले तर जबरदस्तीची धमकी. याला तेथे याजकांचा लोकांशी ‘मिशपात’ म्हटले आहे. ही काही हक्काची गोष्ट नव्हे, ही पडलेली खोड, चालत आलेली रीत. तेव्हा शमुवेलाने सांगितला तो राजाचा हक्क, की राजे लोकांची नेहमीची रीत? पहिला अर्थ धरला तर राजाने शेत घेतल्यास तक्रार नाही. दुसरा धरला तर तो अन्याय आहे आणि नबीने त्याची पूर्वसूचना दिली एवढेच.

हा प्रश्न आपल्या विद्वानांनी फार पूर्वीच ओळखला होता. तालमुदाच्या सनहेद्रिन भागात बाबेलचे दोन थोर गुरू, रव व शमुवेल, यांचा मतभेद नोंदवला आहे. गुरू शमुवेल म्हणतात की त्या प्रकरणात सांगितलेले सर्व राजाला करण्याची मुभा आहे. रव म्हणतात की ते केवळ लोकांना भय वाटावे म्हणून सांगितले. त्याच ठिकाणी आणखी एक वाद आहे. रब्बी यहूदांच्या मते देशात प्रवेश केल्यावर राजा नेमणे ही आज्ञाच आहे. रब्बी नेहोराई म्हणतात की ती आज्ञा नव्हे, लोक पुढे कुरकुर करतील हे जाणून ते तसे लिहिले गेले. पुढे रामबाम यांनी (११३८–१२०४) राजा नेमण्याला आज्ञाच मानले व करवसुलीचे अधिकारही त्याला दिले. मात्र राजाने प्रजेशी नम्रतेने बोलावे, त्यांना भाऊ म्हणून संबोधावे, हेही त्यांनी कायदा म्हणूनच घातले.

देवारीमच्या सतराव्या अध्यायातला राजा वाचकांना ठाऊक असेलच. त्याने घोडे फार ठेवू नयेत, बायका फार करू नयेत, सोने-रुपे फार साठवू नये, तोराची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जन्मभर वाचावी, आणि आपल्या भावांपेक्षा आपण वर आहोत असे मनात आणू नये. अथेन्सच्या प्लेटोनेही आपल्या आदर्श राज्यातील रक्षकांना सोन्यारुप्याला शिवण्याची बंदी घातली होती. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल याने राज्यांची वर्गवारी करताना एक साधी कसोटी लावली: राज्य करणारा एक असो, थोडे असोत की पुष्कळ असोत, तो सर्वांच्या हितासाठी राज्य करतो की आपल्या हितासाठी? कसोटी उत्तम आहे. परंतु ती कोणी लावायची आणि उत्तर वाईट आले तर पुढे काय करायचे, येथेच सारी अडचण आहे.

तीन राजांचा चाकर

या अडचणीला ज्याने स्वतःच्या अनुभवावरून उत्तर दिले असा आपला एक मोठा माणूस म्हणजे दोन इझाक अब्रावानेल. जन्म १४३७, लिस्बन. पोर्तुगालचा राजा पाचवा आफोन्सो याच्या पदरी ते खजिनदार होते. पुढच्या राजाच्या कारकीर्दीत सरदारांच्या कटात सामील असल्याचा त्यांच्यावर आरोप आला आणि १४८३ साली घरदार, ग्रंथ, संपत्ती सोडून त्यांना रात्रीचे सरहद्द ओलांडून कॅस्टिलमध्ये पळावे लागले. तेथे काही महिने हाताला दरबारचे काम नव्हते. त्या अवधीत त्यांनी यहोशवा, शास्ते (शोफटीम) व शमुवेल या पुस्तकांवर भाष्ये लिहिली. आठव्या अध्यायापाशी येऊन त्यांनी लेखणी थांबवली आणि विचारले: राष्ट्राला राजाची खरोखर गरज आहे काय?

त्या काळचे पंडित म्हणत की जसे शरीराला एक हृदय, जगाला एक देव, तसा राज्याला एक राजा पाहिजे. अब्रावानेल म्हणतात, याची काही गरज नाही. पुष्कळ माणसे एकत्र बसून एकमताने कारभार करू शकतात. अधिकारी मुदतीपुरते नेमावेत. मुदत संपली की दुसरे येतील आणि पहिल्यांनी काय केले याची झडती घेतील. या भीतीने पहिले सरळ वागतील. राजा मात्र जन्मभराचा, त्याची झडती घेणार कोण? पुरावा म्हणून त्यांनी इटलीतील व्हेनिस, फ्लॉरेन्स, जिनोआ या राजाविना चालणाऱ्या नगरांची नावे घेतली. मग तोराने राजा नेमायला का सांगितले? त्यांचे उत्तर असे की ती आज्ञा नसून मनुष्याच्या दुबळेपणाला दिलेली सवलत आहे, लढाईत पकडलेल्या सुंदर स्त्रीविषयी जी सवलत दिली आहे त्याच जातीची. तिचा उपयोग करावाच असे नाही.

हे लिहून शाई वाळते न वाळते तोच, १४८४ मध्ये, फर्डिनांड व इसाबेला यांनी त्यांना आपल्या चाकरीत घेतले. ग्रानाडाच्या लढाईसाठी त्यांनी राजाराणीला मोठमोठ्या रकमा कर्जाऊ दिल्या. १४९२ साली त्याच राजाराणीने स्पेनमधील सर्व यहुद्यांना हद्दपारीचा हुकूम दिला. अब्रावानेल यांनी विनवण्या केल्या, पैसा देऊ केला, हुकूम फिरला नाही. ते आपल्या लोकांबरोबर जहाजात बसले, नेपल्सला गेले, आणि तेथे पुन्हा एका राजाच्या चाकरीत राहिले. १५०८ मध्ये ते वारले ते मात्र व्हेनिसमध्ये. राजा नको असे लिहिणाऱ्याने तीन दरबारांत आयुष्य काढले याला कोणी दांभिकपणा म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. परक्या देशात ज्याच्या जातभाईंचा जीव एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याला त्या माणसाच्या जवळ उभे राहावेच लागते, आणि जवळ उभा असतो म्हणूनच त्याला ती मर्जी काय चीज आहे हे कळते.

याच काळातील फ्लॉरेन्सचा माकियाव्हेली पुष्कळांना केवळ कपटनीतीसाठी ठाऊक आहे. त्याने १५१३ मध्ये लिहिलेल्या व १५३२ मध्ये छापलेल्या ‘राजपुत्र’ या पुस्तकात मोशेचे नाव राज्यसंस्थापकांच्या मालिकेत कोरेश व रोम्युलस यांच्या जोडीने येते. दावीदाने शाऊलाचे चिलखत अंगावर घालून पाहिले व काढून ठेवले, ती गोष्टही त्याने घेतली आहे. दुसऱ्याची शस्त्रे अंगावर सैल होतात, जड होतात किंवा आवळतात, म्हणून राज्यकर्त्याने स्वतःच्या सैन्यावर विसंबावे, असा त्याचा बोध. गोष्ट छान लावली आहे. परंतु प्रजेच्या गाढवाविषयी त्याला फारसे वाटत नाही, फक्त प्रजेच्या मालमत्तेला हात लावल्यास ती चिडते एवढे तो राजाला बजावतो.

भयाचा जुळा भाऊ

आठव्या अध्यायाचा खरा भडका उडाला तो सतराव्या शतकातील इंग्लंडात. राजा पहिला चार्ल्स व पार्लमेंट यांच्यात १६४२ पासून यादवी लढाई झाली आणि जानेवारी १६४९ मध्ये राजाचा भर चौकात शिरच्छेद झाला. सारा युरोप हादरला. लायडनचा पंडित साल्मासियस याने राजपक्षाच्या वतीने लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला व त्यात शमुवेलाची यादी राजाचा हक्क म्हणून पुढे केली. पार्लमेंटच्या बाजूने उत्तर दिले कवी मिल्टनने, १६५१ साली, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना. त्याचे म्हणणे असे की शमुवेल वाईट राजे काय करतात ते सांगतो आहे, त्यांना काय करण्याचा अधिकार आहे ते नव्हे. दोघेही ख्रिस्ती, दोघेही ‘मिशपात’ शब्दाचा कीस काढणारे, दोघेही रब्बींची साक्ष काढणारे. रव आणि शमुवेल यांचा वाद लंडनच्या वधस्तंभापाशी जाऊन पोचला होता.

त्याच १६५१ साली थॉमस हॉब्सचा ‘लेव्हायथन’ प्रसिद्ध झाला. पुस्तकाचे नाव इयोबाच्या पुस्तकातील लिव्यातान या अजस्र प्राण्यावरून घेतलेले आहे. मुखपृष्ठावरील चित्र पाहण्यासारखे आहे. डोंगराआडून एक मुकुटधारी राक्षसी पुरुष उभा आहे, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात धर्मगुरूचा दंड, आणि त्याचे सर्व शरीर लहान लहान माणसांचे बनलेले. हॉब्स म्हणतो की राज्य नसते तर प्रत्येक माणूस दुसऱ्याच्या गळ्यावर बसला असता. शेती नाही, विद्या नाही, घराला दार लावून झोपण्याची सोय नाही. म्हणून सर्वांनी आपापसांत करार करून सर्व हक्क एका सत्ताधाऱ्याच्या हाती द्यावेत. ती सत्ता अर्धी देता येत नाही. विसाव्या प्रकरणात त्याने शमुवेलाची यादी घेतली आहे व सरळ सांगितले आहे की हीच निरंकुश सत्ता, आणि लोकांनी ती ऐकून घेऊन मान्य केली. म्हणजे ‘मिशपात’ याचा अर्थ हक्क. धर्म कोणता शिकवावा हेही राजाच ठरवील. चित्रातील दोन हातांचा अर्थ तोच.

हॉब्सला शिव्या देणे सोपे आहे. परंतु तो १५८८ साली, स्पॅनिश आरमार इंग्लंडवर चालून येत असल्याच्या धास्तीत जन्मला, आणि आपण व भय जुळे जन्मलो असे तो स्वतःच सांगे. यादवीच्या काळात अकरा वर्षे त्याने पॅरिसमध्ये परागंदा काढली. सायरन वाजल्यावर मुलांना काखेत घेऊन जो मिकलातकडे धावला आहे, त्याला हॉब्सचे म्हणणे एका क्षणात पटते. लोकांनी शमुवेलाला अखेरीस काय सांगितले ते आठवावे: लढाईत आमच्या पुढे चालणारा पाहिजे. पलिष्टे खरोखरच दाराशी होते, लोक काही मूर्ख नव्हते. शिवाय हॉब्सने एक फट ठेवली आहे ती त्याचे विरोधक पाहत नाहीत. राजा जोवर रक्षण करू शकतो तोवरच आज्ञापालनाचे बंधन आहे, आणि स्वतःच्या जिवावर उठलेल्या राजाला प्रतिकार करण्याचा हक्क कोणीही देऊन टाकू शकत नाही.

तरीही यादीच्या शेवटच्या वाक्याला हॉब्सपाशी उत्तर नाही. त्या दिवशी तुम्ही आक्रोश कराल आणि ऐकले जाणार नाही. हॉब्सच्या राज्यात हा दोष नसून रचनाच आहे. ऐकणारा वर कोणी असला तर तोच खरा राजा झाला असता.

आम्सटरडॅमचा बहिष्कृत

हॉब्सचे वाचून, त्याचीच सुरुवात घेऊन, अगदी उलट्या ठिकाणी पोचलेला माणूस म्हणजे बारुख स्पिनोझा. पोर्तुगालहून पळून आलेल्या यहुदी कुटुंबात तो १६३२ साली आम्सटरडॅम येथे जन्मला. २७ जुलै १६५६ रोजी तेथील समाजाने त्याच्यावर ‘हेरेम’ घातला, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याच्या धर्मविषयक मतांची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. त्याच्या राजनीतीकडे मात्र आपण दुर्लक्ष करू नये. १६७० साली त्याचे ‘धर्म व राज्य’ या विषयावरील पुस्तक निघाले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते आणि छापण्याचे ठिकाणही खोटे, हॅम्बुर्ग, असे घातले होते. १६७४ मध्ये हॉलंडात त्यावर बंदी आली.

त्याच्या सतराव्या प्रकरणात मिसरमधून निघालेल्या आपल्या पूर्वजांच्या राज्याचा अभ्यास आहे. स्पिनोझा विचारतो, मोशेच्या मागे राजा का झाला नाही? तो दाखवतो की मोशेने आपली सत्ता एका हाती दिलीच नाही. कायद्याचा अर्थ सांगणे एलाझार याजकाकडे, पण हुकूम त्याच्याकडे नाही. लढाई व कारभार यहोशवाकडे, पण कायद्याचा अर्थ लावणे त्याच्याकडे नाही. पुढे प्रत्येक वंशाचा आपापला सरदार. लेवींना जमीन नाही. फौज भाडोत्री नाही, शेतकरीच तलवार घेऊन येतात आणि लढाई संपली की घरी जातात. अशा लोकांवर जुलूम करायला सरदाराने माणसे आणावीत कोठून? लोकांकडे सत्ता होती तोवर एकच यादवी झाली, राजे आल्यावर यादवीला अंत राहिला नाही, असेही तो अठराव्या प्रकरणात मोजून दाखवतो.

मग ते राज्य मोडले का? त्याचे एक कारण आम्हाला फार विचार करण्यासारखे वाटते. सोन्याच्या वासराच्या प्रकरणानंतर पवित्र सेवेचा मान प्रत्येक घरच्या ज्येष्ठ मुलाकडून काढून फक्त लेवींना दिला गेला. त्यामुळे बाकीच्या लोकांना सतत टोचत राहिले की आपण अपात्र ठरलो, आणि जे पात्र ठरले त्यांना पोसायचेही आपणच. महागाईच्या वर्षी हे दुखणे वाढे. कोरहाचे बंड याच ठिकाणी बसते, हे आपल्या परशाच्या वाचकाला सांगायला नको. यावरून स्पिनोझा निष्कर्ष काढतो की धर्माधिकाऱ्यांच्या हाती राज्याचा हुकूम देणे दोघांनाही घातक आहे. आणि शेवटच्या, विसाव्या प्रकरणात तो हॉब्सच्या कराराला भोक पाडतो. माणूस आपले शेत देऊ शकतो, मुलगा फौजेत देऊ शकतो, पण स्वतःचा विचार करण्याची शक्ती त्याने देतो म्हटले तरी ती देताच येत नाही. जे देता येत नाही त्यावर हुकूम चालवू पाहणारे राज्य स्वतःचेच पाय तोडते. राज्याचा हेतू माणसांना भयात ठेवणे हा नसून त्यांना निर्भयपणे जगता, विचार करता व बोलता यावे हा आहे.

येथे आपल्या समाजाच्या इतिहासातील एक प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. १९६२ साली धर्माधिकाऱ्यांच्या एका आदेशावरून बेने इस्राएलांच्या विवाहनोंदणीत वंशाची चौकशी सुरू झाली. आपल्या लोकांनी अर्ज दिले, मोर्चे काढले, येरुशलायीममध्ये धरणे धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटची खास बैठक भरली व बेने इस्राएल हे सर्व बाबतींत, कोणत्याही भेदाविना, यहुदी आहेत असे जाहीर झाले, त्यानंतर आदेशातही बदल झाला. त्या वादाच्या खोलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. राज्यशास्त्राच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट टिपायची. तान्ही मुले मांडीवर घेऊन रस्त्यावर बसलेल्या माणसांचा आक्रोश ऐकायला एक दुसरे दार होते. सत्ता एकाच हाती असती, चित्रातल्यासारखे तलवार आणि दंड एकाच पुरुषाच्या हातात असते, तर हुकूम देणाऱ्याकडेच हुकुमाविरुद्ध अर्ज करावा लागला असता.

यानंतरच्या मंडळींना आम्ही थोडक्यात आटोपतो. इंग्लंडचा जॉन लॉक सहा वर्षे हॉलंडात लपून राहिला होता. १६८९ मध्ये परत गेल्यावर निघालेल्या त्याच्या ग्रंथात शोफटीममधील इफ्ताह पुन्हा पुन्हा येतो. अम्मोनी राजाशी तंटा तोडायला पृथ्वीवर न्यायाधीश नाही, तेव्हा इफ्ताह परमेश्वराला न्यायाधीश करतो आणि लढाईला निघतो. लॉक म्हणतो, राजाने विश्वासघात केला आणि वर दाद लागत नसेल, तर लोकांची स्थिती इफ्ताहासारखी होते. त्याच वर्षीच्या त्याच्या सहिष्णुतेवरील पत्रात, केवळ धर्माच्या कारणावरून यहुद्यालाही नागरिकत्वाच्या हक्कांतून वगळू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. फ्रान्सच्या मोंतेस्क्यूने १७४८ मध्ये सत्तेला सत्तेनेच आवरावे हा नियम मांडला. आणि जानेवारी १७७६ मध्ये अमेरिकेत टॉमस पेनने एक छोटी पुस्तिका काढली. तीत शमुवेलाचा आठवा अध्याय जवळजवळ कलमवार घेऊन इंग्लंडच्या राजाला लावला होता. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले. पेन पुढे बायबलचा कडवा टीकाकार झाला, पण हा अध्याय त्याच्या कामी आला.

आता पुन्हा गिलगालकडे. शाऊलाला अभिषेक झालेला आहे, अम्मोन्यांवर पहिला विजय मिळालेला आहे, आणि शमुवेल नव्या राजाच्या देखत आपला हिशोब देतो आहे. आमच्या मते हे भाषण लोकांपेक्षा शाऊलासाठी अधिक होते. सत्ता सोडताना माणसाने असे उभे राहायचे असते, हे त्याने पाहून ठेवावे म्हणून. परंतु बाराव्या अध्यायाचा दुसरा पासूक नीट वाचा. आपण म्हातारे झालो, केस पिकले, असे सांगता सांगता शमुवेल म्हणून जातो की माझी मुले तुमच्यातच आहेत. एवढेच. त्यांनी बेर शेवा येथे काय घेतले याचा हिशोब तो देत नाही, आणि लोकही विचारत नाहीत. गाढवाचा प्रश्न काढणाऱ्या त्याच भगिनीने हेही दाखवून दिले. त्यांना भीड वाटली असेल, असे वर्गातील एका वृद्ध गृहस्थांचे म्हणणे पडले. इतकी वर्षे सेवा केलेल्या माणसाच्या तोंडावर मुलांचा विषय कोण काढणार? यावर बराच वेळ बोलणे झाले आणि चहा निवून गेला. पुढल्या बैठकीला सर्वांनी तेरावा अध्याय वाचून यावा. त्यात शाऊल सात दिवस वाट पाहून पहिली चूक करतो.